काळे पडणारे पाते: रोज खिशात बाळगायचा लोखंडी घडीचा चाकू

काळीमाती (ही चर्चा सुरू करणारा)

आमच्या तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात चाकू मागितला की दुकानदार आधी विचारतो, "लोखंडी पाहिजे का स्टीलचा?" बोलण्यातली ही वाटणी सोयीची आहे, पण दोन्ही पाती पोलादाचीच असतात. आपण ज्याला लोखंडी म्हणतो ते कार्बनचे पोलाद असते. चांगल्या पात्यात पाऊण ते एक टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि इतर धातू नावापुरतेच असतात. ज्याला आपण स्टील म्हणतो त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते. ते पात्यावर डोळ्यांना न दिसणारा थर धरते, म्हणून ते पाते वर्षानुवर्षे पांढरे राहते. मला लिहायचे आहे ते पहिल्या प्रकाराबद्दल, कारण तो आता दुकानातून हळूहळू दिसेनासा होत आहे आणि त्याची जागा घेणारे चकचकीत चाकू माझ्या अनुभवात शेतावर फार दिवस टिकत नाहीत.

माझ्याकडचा चाकू वडिलांचा आहे. गावाबाहेर पाल टाकून बसलेल्या गाडी लोहाराकडून त्यांनी तो ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यातून करून घेतला होता. पाते चार बोटे लांब आहे, मूठ तिवसाच्या लाकडाची आहे आणि दोघांना जोडणारा एकच रिबिट आहे. त्याला स्प्रिंग नाही आणि खटकाही नाही. रिबिट जेवढा घट्ट ठोकला असेल तेवढ्याच घर्षणावर पाते उघडे राहते, म्हणून तो वापरताना अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवायची सवय आपोआप लागते. दिवसभरात त्याला किती कामे पडतात याचा मी एकदा मनाशी हिशेब केला. सकाळी खताच्या पोत्याची शिवण उसवली, ठिबकची फुटलेली नळी सरळ कापून जोड बसवला, बैलाच्या कासऱ्याचे झिजलेले टोक छाटले, दुपारी कांदा चिरला आणि संध्याकाळी खुंटीसाठी बाभळीची फांदी टोकदार केली. यातले एकही काम मोठे नाही. पण प्रत्येक वेळी घरापर्यंत जाऊन विळा आणायचा म्हटले तर अर्धा दिवस पायपिटीतच जातो.

त्याच्या पात्याचा रंग मला फार आवडतो. नवीन घासलेले पाते आवळ्यातून एकदा गेले की काही क्षणांत त्यावर निळसर-काळी झाक येते. आवळ्यातल्या तुरट द्रव्याचा लोखंडाशी संयोग होऊन तो रंग तयार होतो. लिंबू आणि कैरी राखाडी डाग पाडतात. कांद्याने तपकिरी लाटा उमटतात. वर्षभरात हे सगळे एकमेकांत मिसळून पाते पावसाळी आभाळासारखे होते. हा काळा थर आणि तांबडा गंज यांत फरक आहे. काळा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूचे थोडेफार रक्षण करतो, तांबडा मात्र भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आत आत खात जातो. बोटाने पुसल्यावर बोट तांबडे झाले तर समजावे की राखेने घासायची वेळ आली.

दुसरी गोष्ट धारेची. बांधावर बसून, खिशातल्या बोटभर दगडावर पाच मिनिटांत हे पाते पुन्हा पाजवता येते. दगड नसेल तर चिनी मातीची बशी उलटी करून तिच्या बुडाच्या बिनचकाकीच्या कडेवर चार हात फिरवले तरी काम निभते. यात्रेतून आणलेला चकचकीत चाकू मी त्याच दगडावर अर्धा तास घासला. धारेला नुसती लव आली, ती वाकली, आणि दुसऱ्या दिवशी सुतळीवरून पाते घसरायला लागले.

आता माझी अडचण सांगतो. मागच्या महिन्यात मी बाहेरगावी असताना मुलाने हा चाकू आठवडी बाजारात यंत्राच्या चाकावर धार लावून आणला. धारेच्या कडेने दोन इंच लांबीचा निळा पट्टा उमटला आहे आणि तेवढ्या भागाची धार एका दिवसाच्या वर टिकत नाही. हे दुरुस्त होते का? शिवाय पावसाळ्यात रिबिटाच्या सांध्यात गंज धरतो, त्यासाठी आपण सगळे कोणते तेल वापरता, हेही जाणून घ्यायचे आहे.

ऐरण

काळीमाती भाऊ, निळा पट्टा म्हणजे पात्याचे पाणी उतरले, त्याचा कडकपणा गेला. माझे आजोबा आणि वडील दोघेही भात्यावर बसले आणि मीही वीस वर्षे घण मारला आहे, त्यामुळे हे थोडे सविस्तर सांगतो.

पाते तापवून लाल झाले की त्याला पाणी द्यायचे, म्हणजे बुडवून एकदम थंड करून कडक करायचे, हे सगळ्यांना माहीत असते, पण किती लाल हे महत्त्वाचे आहे. वडील लोहचुंबक दोरीला बांधून ठेवत. साधारण ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. तिथून रंग आणखी थोडा उजळला की पाते बुडवायचे. हा रंग भर उन्हात ओळखता येत नाही, म्हणून पाणी द्यायचे काम आमच्याकडे दिवेलागणीला किंवा पालाच्या सावलीत चाले. कमानीच्या पाट्याचे पातळ पाते थंड पाण्यात एकदम बुडवले तर तडकण्याची भीती असते, त्यामुळे आम्ही कोमट तेलच वापरत होतो. तेही फक्त धारेची बाजू आधी आणि पाठ नंतर, म्हणजे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते.

एवढ्यावर पाते काचेसारखे ठिसूळ असते, हातातून फरशीवर पडले तरी कपचा उडतो. म्हणून ते घासून पांढरे करायचे आणि पाठीकडून हळूहळू पुन्हा तापवायचे. अशा वेळी पांढऱ्या पात्यावर रंग चालत येतात. साधारण २२० ते २३० अंशांना वाळल्या गवतासारखा पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. चाकूच्या धारेला पिवळा किंवा फार तर तपकिरी रंग आला की तिथेच थांबवून थंड करायचे. निळा रंग स्प्रिंगला चालतो, धारेला चालत नाही, कारण तोपर्यंत कडकपणा बराच निघून गेलेला असतो. यंत्राच्या कोरड्या चाकावर पातळ धार एका क्षणात त्या तापमानाला पोहोचते. धार लावणारा माणूस वाईट नसतो, घाईत असतो. पाते दर दोन घासांना पाण्यात बुडवले असते तर काही झाले नसते.

आपल्याकडे दोन मार्ग आहेत. निळा पट्टा एक-दीड मिलिमीटरचाच असेल तर तेवढी धार हाताने दगडावर झिजवून टाकावी, खालचे पोलाद शाबूत निघेल. पट्टा रुंद असेल तर रिबिट काढून, मूठ उतरवून पात्याला नव्याने पाणी द्यावे लागेल. कार्बनच्या पोलादाचे हेच मोठे सुख आहे की साध्या कोळशाच्या भट्टीवर ते पुन्हा जसेच्या तसे करता येते. क्रोमियमवाल्या पोलादाला हजार अंशांच्या वरचे मोजलेले तापमान आणि ठरावीक वेळ लागते, ते आमच्या भात्याचे काम नाही.

पावशी

मी स्वयंपाकघरातून लिहिते आहे. आमच्या घरी अजून लोखंडी पावशीवरच (विळीवरच) भाजी चिरतात. आपण सांध्यातल्या तेलाचे विचारले आहे, त्यात मी दोन-तीन वेळा फसले आहे, म्हणून सांगते.

जवसाचे तेल पात्याला किंवा सांध्याला कधीच लावू नये. ते हवेवर सुकते आणि डिंकासारखे चिकट होते. करडईचेही थोड्याफार फरकाने तसेच होते. हेच जवसाचे तेल लाकडी मुठीला मात्र उत्तम, कारण सुकल्यावर ते लाकडात मुरते आणि ओल आत जाऊ देत नाही. खोबरेल तेल सुकत नाही आणि खाण्याचेही आहे, पण आपल्याकडे डिसेंबरच्या थंडीत ते गोठते आणि सकाळी चाकू उघडायला जड जातो. मी औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरते. त्याला वास नाही, ते खवट होत नाही आणि भाजीला लागले तरी चिंता नाही. सांध्यात एक थेंब सोडायचा, चाकू दहा वेळा उघडायचा-मिटायचा आणि वर आलेले काळे पाणी फडक्याने टिपायचे.

आणखी एक. काळे झालेले लोखंड चिंचेने घासून पांढरे करायची पद्धत काही घरांत आहे. त्याने धारही खाल्ली जाते आणि पाते लगेच तांबडे व्हायला लागते. मी चुलीची चाळलेली राख आणि नारळाची शेंडी एवढेच वापरते. घासल्यावर पाते पुसून भागत नाही, चुलीजवळ घटकाभर ठेवून कोरडे करावे लागते.

संत्राबाग

आमची मोर्शी तालुक्यात संत्र्याची रोपवाटिका आहे. लोखंडी चाकूच्या धारेबद्दल काळीमाती भाऊंनी लिहिले आहे ते पूर्ण खरे आहे, पण एका कामासाठी मी तो चाकू बाजूला ठेवला आणि त्याचे कारण इथे यायला हवे.

हिवाळ्यात जंबेरीच्या (संत्र्याच्या कलमाला मूळ देणाऱ्या लिंबाच्या जातीच्या) पेन्सिलीएवढ्या जाड खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, डोळे भरायचे, म्हणजे संत्र्याचे कलम करायचे, काम चालते. सालीवर इंग्रजी टीच्या आकाराची चीर द्यायची, चाकूच्या बोथट टोकाने साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची आणि कलमकाडीवरून काढलेला ढालीच्या आकाराचा डोळा वरून खाली सरकवून वर पट्टी बांधायची. डोळा काढताना पाते एकाच ओढीत गेले पाहिजे. मध्ये अडखळले तर सालीच्या आतला ओला पातळ थर फाटतो आणि नंतर पट्टी सोडली की डोळा वाळलेला सापडतो. या एका ओढीसाठी लोखंडी पात्यासारखे दुसरे पाते नाही, हे मी मान्य करतो.

अडचण रोगाची आहे. लिंबूवर्गीय झाडांत एक्सोकॉर्टिस नावाचा विषाणूसारखा रोगकारक असतो आणि तो चाकूच्या पात्यावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. जंबेरी तो सहन करते, त्यामुळे वरून काही दिसत नाही, पण रंगपूर लाईम या दुसऱ्या लिंबाच्या खुंटावर साल फाटते आणि झाड खुरटते. स्पिरिटने पुसून किंवा ज्योतीवर धरून हा रोगकारक खात्रीने मरत नाही. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे कपडे पांढरे करायच्या ब्लीचच्या, द्रावणात पाते बुडवावे लागते आणि एका मातृवृक्षावरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी बुडवावे लागते. हे द्रावण कार्बनच्या पोलादाला तासाभरात तांबडे करून टाकते. मी एक हंगाम बुडव, धू, पूस, तेल लाव असे करून पाहिले. दुपारपर्यंत पात्यावर बारीक खड्डे पडले आणि धार करवतीसारखी झाली. तेव्हापासून डोळे भरायला मी चांगल्या प्रतीचे स्टेनलेस पाते वापरतो. त्याची धार रोज रात्री बारीक दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर काढतो आणि ती टिकते. यात्रेतल्या चाकूवरून सगळ्या स्टेनलेसची परीक्षा करू नये, एवढेच माझे आग्रहाचे म्हणणे आहे. बागेत फिरताना खिशात मात्र लोखंडीच असतो.

काळीमाती

संत्राबाग भाऊ, आपले म्हणणे मान्य आहे आणि माझ्या लिहिण्यातली चूक मी दुरुस्त करतो. मी स्वस्त स्टेनलेसशी तुलना केली होती. त्यात कार्बन कमी असतो, त्यामुळे ते मुळातच फार कडक होऊ शकत नाही. ती तुलना न्यायाची नव्हती.

ताई, लिक्विड पॅराफिन आणले. दोन थेंबांत सांधा मोकळा झाला आणि फडक्यावर इतके काळे निघाले की वडिलांच्या काळातलेही त्यात असावे.

माझ्या भाच्याने पुण्याहून फ्रान्सचा ओपिनेल चाकू आणला आहे, ८ क्रमांकाचा, साडेआठ सेंटीमीटर पात्याचा. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये सावोयच्या डोंगराळ भागात शेतकऱ्यांसाठी हा नमुना बनवला. पाते उघडल्यावर ते अडवणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये आली. भाच्याने मुद्दाम कार्बनचे पाते मागवले होते. हातात घेतल्यावर मला आश्चर्य वाटले, कारण कडी सोडली तर त्याची रचना वडिलांच्या चाकूसारखीच आहे: एक लाकडी मूठ, तिच्यात एक खाच, एक रिबिट. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी हा घडीचा चाकूही असाच बिनस्प्रिंगचा, फक्त मूठ दुमडलेल्या पत्र्याची. ज्याला रोज काम करायचे आहे आणि दुरुस्ती गावातच करून घ्यायची आहे, तो कुठल्याही मुलखात याच रचनेपर्यंत पोहोचत असावा, असे मला वाटते. ओपिनेलचा एक दोष आमच्या श्रावणझडीत दिसला. बीच लाकडाची मूठ ओलीने फुगली आणि पाते आत इतके आवळले गेले की नखाने उघडेना. तिवसाच्या मुठीला हा त्रास कधी झालेला नाही.

झाडीपट्टी

गोंदियाकडून लिहितो आहे. कार्बनच्या पात्याचा एक उपयोग अजून कोणी सांगितला नाही. आमचे आजोबा विडी पेटवायला चकमक वापरत. लोखंडाच्या तुकड्याऐवजी बऱ्याचदा चाकूची पाठच गारगोटीच्या धारदार कडेवर झटकत आणि ठिणगी सावरीच्या जळक्या कापसावर पाडत. गारगोटी पोलादाचे बारीक कण खरवडते आणि ते कण हवेत जळतात, तीच ठिणगी. क्रोमियमचे पाते अशी ठिणगी नीट देत नाही. ऐरण भाऊंच्या पद्धतीने पाठ मऊ ठेवली असेल तर त्या पाठीवरही ठिणगी कमी पडते, म्हणून आजोबांच्या चाकूची पाठ टोकाकडे दोन बोटे मुद्दाम कडक ठेवलेली होती.

परदेशी नमुन्यांची चर्चा चांगली आहे, पण आपल्या मातीत हे काम फार जुने आहे, तेही इथे नोंदवतो. नागपूर जिल्ह्यात नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. ती महापाषाणयुगातली, म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुनी. त्याच जिल्ह्यातल्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांतही लोखंडी वस्तू मिळाल्या आहेत. तिथले लोक आणि आजचे गाडी लोहार यांचा थेट संबंध जोडता येणार नाही, पण खनिज, कोळसा आणि भाता ही तिन्ही साधने या भागात तेव्हाही हाताशी होती.

तहसील_कट्टा

एक सूचना. शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली साधने त्यातून वगळलेली आहेत. चार बोटांचा चाकू या मापाच्या खूप आत आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे किंवा निवडणुकीच्या काळात सार्वजनिक ठिकाणी चाकूसकट हत्यारे बाळगण्यावर तात्पुरती मनाई लागू होत असते. तालुक्याला कामाला जाताना चाकू घरी ठेवावा, शेतावर जाताना घ्यावा.

ऐरण

झाडीपट्टी भाऊंनी सांगितलेली कडक टोकाची पाठ मी पहिल्यांदाच ऐकली, धन्यवाद.

एक राहून गेले होते. चाकू चामड्याच्या म्यानात घालून महिनोन्महिने ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्येही त्यात उरलेली असतात. खिशात असतानाही घामातल्या मिठाने मांडीकडची बाजू आधी गंजते. रात्री खिशातून काढून, पुसून, पाते थोडे उघडे करून कोनाड्यात ठेवावे.

काळीमाती

सर्वांचे आभार. झाले ते कळवतो.

निळा पट्टा मोजला तर सर्वांत रुंद जागी चार मिलिमीटर भरला, त्यामुळे नुसते झिजवून भागणार नव्हते. शेजारच्या गावाबाहेर एक लोहार कुटुंब उतरले आहे, त्यांच्याकडे गेलो. म्हाताऱ्या बाबांनी पाते नखाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "पाटा चांगला हाये, पानी गेलं फक्त." रिबिट छिन्नीने तोडला, मूठ माझ्या हाती दिली आणि उजेड उतरेपर्यंत मला थांबायला सांगितले. सूनबाई भाता ओढत होत्या. पाते जर्द लाल झाल्यावर त्यांनी ते धारेच्या बाजूने तेलात धरले, मोठा धूर उठला, मग कानस धारेवर हलकेच ओढून पाहिली. कानस चावली नाही, नुसती सरकली. नंतर विटेच्या तुकड्याने पाते घासून पांढरे केले आणि तापलेल्या जाड पट्टीवर पाठ टेकवली. पिवळा रंग पाठीकडून धारेकडे चालत येताना मी पहिल्यांदाच पाहिला. तो धारेला टेकला त्या क्षणी त्यांनी पाते पाण्यात टाकले. नवा रिबिट तांब्याच्या तारेचा बसवला आहे. पात्याची रुंदी घासाघाशीत दोन मिलिमीटरने कमी झाली आणि मिटल्यावर टोक आता मुठीत पूर्वीपेक्षा थोडे खोल जाते.

धार मी घरी दगडावर काढली. आठ दिवस झाले, सुतळी, पोती, ठिबकची नळी सगळे कापले, अजून दगडाची गरज पडलेली नाही. काल संत्र्याच्या आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या पिकाचा) सौदा करायला व्यापारी आले होते. रस दाखवायला तीन संत्री आडवी चिरली आणि बोलण्याच्या नादात पाते पुसायचे राहिले. रात्री उघडून पाहिले तर टोकाकडून मध्यापर्यंत राखाडी झाक आली आहे.